मांडीवरचा दांडा

रोलर कोस्टर हे नाव आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. कित्येकांनी सुट्टीत मोठ्या शहरातील एखाद्या उद्यानात ती गाडी पाहिली असेल, काहींनी तीत बसण्याचे धाडसही केले असेल. उंच चढण हळूहळू चढून कड्यावरून कोसळावे तशी खाली येणारी, क्षणात उजवीकडे व क्षणात डावीकडे कलंडणारी, आणि मध्येच प्रवाशांची डोकी जमिनीकडे व पाय आभाळाकडे करून फिरणारी ही गाडी पाहिली की, मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : आतील माणसे खाली पडत कशी नाहीत? यावर उत्तर मिळते की, त्यांना पट्ट्याने बांधलेले असते. हे उत्तर खोटे नव्हे. परंतु त्याने समाधान मानून घेतले तर या विषयातील खरी गंमत आणि खरा धोका ही दोन्ही आपल्या नजरेतून निसटतात. यास्तव प्रस्तुत लेखात त्या पट्ट्याचा व मांडीवर येणाऱ्या दांड्याचा थोडा खोलात जाऊन विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या गाडीचे मूळ रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. तेथील लोक हिवाळ्यात लाकडी मांडवावर बर्फ गोठवून त्यावरून घसरत. ती कल्पना फ्रान्समध्ये गेली आणि १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या असलेल्या घसरगुंड्या उभ्या राहिल्या. फ्रेंच भाषेत आजही या खेळास ‘रशियन डोंगर’ म्हणतात. आणि मौज अशी की, खुद्द रशियात त्याला ‘अमेरिकन डोंगर’ असे नाव आहे! अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या ठिकाणी लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थांनी १८८४ साली अशी एक गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर, भाडे पाच सेंट, आणि प्रवासी बाकावर बसावे तसे बाजूकडे तोंड करून बसत. आपल्याकडील सायकलस्वारही त्या गाडीस सहज मागे टाकील. अशा गाडीत कोणास बांधून ठेवण्याची आवश्यकताच नव्हती.

वेग वाढू लागला तशी ती आवश्यकता उत्पन्न झाली. १९०७ साली कोनी आयलंडवरील ‘ड्रॉप द डिप’ या गाडीत प्रवाशांच्या मांडीवर अडकणारा दांडा बसविण्यात आला. परंतु केवळ माणसाला गाडीशी बांधून काय होणार? गाडी स्वतःच रुळावरून उडाली तर बांधलेला माणूस तिच्याबरोबर जाईल. हा दुसरा अर्धा प्रश्न जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने सोडविला. रुळावर चालणाऱ्या नेहमीच्या चाकांखेरीज रुळाच्या खालच्या अंगास लागून फिरणारी आणखी चाके त्याने गाडीस बसविली व १९१९ साली त्या योजनेचे पेटंट घेतले. अशा रीतीने रूळ वरच्या व खालच्या चाकांच्या मध्ये पकडला गेला. चढणीवर साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून दातेरी पट्टीवर खटखट करीत अडकत जाणारी खिट्टीही त्याच काळातील. चढताना जो ‘खट्-खट्’ असा आवाज होतो तो तिचाच. कित्येक प्रवाशांच्या उरात त्या आवाजाने धडकी भरते. वस्तुतः तो आवाज चालू आहे तोवर निर्धास्त असण्यास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाण्याने अर्धी भरलेली बादली हातात धरून वेगाने गोल फिरविली असता ती उलटी होते त्या क्षणीही पाणी सांडत नाही, हा प्रयोग अंगणात बहुतेकांनी केलेला असतो. बादलीचा तळ पाण्याला सतत आतल्या बाजूस वळवीत असतो आणि पाणी तळाशी दाबले जाते. गाडी उभ्या वर्तुळातून फिरते तेव्हा प्रवाशाची स्थिती त्या पाण्यासारखी असते. पुरेसा वेग असेल तर तो आपोआप आसनाशी दाबला जातो आणि डोके खाली असलेल्या त्या भयंकर भासणाऱ्या क्षणी मांडीवरच्या दांड्यास जवळजवळ काहीच काम उरत नाही. हे ज्यांना पटत नाही त्यांनी पुढील इतिहास ध्यानात घ्यावा. कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन या उद्यानात १९७६ साली उभे वर्तुळ असलेली ‘रेव्होल्यूशन’ ही गाडी सुरू झाली तेव्हा तीत केवळ मांडीवरचा दांडा होता, खांद्यावर काहीही नव्हते. १९९२ साली खांद्यावरून येणारी बंधने बसविली गेली आणि २०१६ साली ती काढून पुन्हा मांडीवरचाच दांडा आणण्यात आला. वर्तुळ तेच होते.

वर्तुळाविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. १८९५ साली कोनी आयलंडवरच ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची उभ्या वर्तुळाची गाडी निघाली होती. तिचे वर्तुळ कंपासाने काढावे तसे गोल होते आणि तीत बसणाऱ्यांच्या माना दुखावत. याचे कारण वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस कागदावर मांडता येईल. वर्तुळाची त्रिज्या र मानू. माथ्यावर प्रवासी आसनापासून सुटणार नाही इतका किमान वेग ठेवला तर त्या वेगाचा वर्ग गुरुत्वप्रवेग गुणिले र इतका भरतो. तळाशी गाडी दोन र इतकी खाली आलेली असते. म्हणून तेथे वेगाचा वर्ग माथ्याच्या पाचपट होतो. या पाचात प्रवाशाचे स्वतःचे वजन मिळविले की तळाशी त्याला आपले वजन सहापट झाल्याचे जाणवते. म्हणजे पन्नास किलोग्रॅमचा मुलगा तीन क्विंटलचा होतो, आणि तोही रुळाचा सरळ भाग संपून वर्तुळ सुरू होताच एका झटक्यात! हा किमान हिशेब झाला. प्रत्यक्षात ‘फ्लिप फ्लॅप’वर तो भार याच्या दुप्पट होत असावा असा अंदाज केला गेला आहे. या दुखण्यावर कितीही भक्कम पट्टा बांधला तरी उपाय होत नाही. उपाय रुळाच्या आकारात होता. व्हेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने ‘रेव्होल्यूशन’साठी वर्तुळास पाण्याच्या उलट्या थेंबासारखा आकार दिला. त्यात तळाशी वळण मोठे, वर जाताना क्रमाक्रमाने लहान. आगगाडीचा रूळ सरळ रेषेतून वळणात शिरताना हीच युक्ती वापरतात.

मग मांडीवरच्या दांड्याचे खरे काम कोठे? जेथे पाहणाऱ्यास काहीच भयंकर दिसत नाही तेथे, म्हणजे छोट्या, गोल माथ्याच्या उंचवट्यांवर. एस. टी. च्या मागच्या बाकावर बसलेल्यांना याचा अनुभव असतो. गाडी उंचवट्यावरून भरधाव गेली की आपण बाकावरून उचलले जातो. गाडी माथा ओलांडून खाली वळते, पण आपले शरीर पूर्वीच्याच दिशेने सरळ जाऊ पाहते. समजा, माथ्याची त्रिज्या २० मीटर आहे. गाडीचा वेग सेकंदास १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर असेल, तर प्रवाशाचे वजन नेमके नाहीसे होते आणि तो आसनावर केवळ टेकलेला राहतो. हाच वेग सेकंदास २० मीटर झाला तर गुरुत्वाकर्षण एकटे त्याला गाडीबरोबर खाली वळविण्यास अपुरे पडते. उरलेले बळ वरून कोणीतरी द्यावे लागते. पन्नास किलोग्रॅमच्या प्रवाशासाठी ते बळ सुमारे बावन्न किलोग्रॅम वजनाइतके येते. सिमेंटचे एक भरलेले पोते मांडीवर ठेवावे इतक्या जोराने दांडा त्याला खाली दाबतो. आणि दांडा नसता तर तेवढ्याच जोराने तो गाडीबाहेर निघाला असता. या क्षणी पोटात जो गोळा येतो त्यासाठीच लोक पैसे मोजतात. उंचवटे मुद्दाम तसे बांधलेले असतात. अर्थात ज्या ठिकाणी सर्वाधिक मौज त्याच ठिकाणी प्रवाशाचा जीव त्या दांड्याच्या हवाली असतो.

जुन्या गाड्यांत दोन किंवा तीन प्रवाशांमध्ये मिळून एकच लांब दांडा असे. यात एक उघड दोष होता. दांडा खाली येताना जो प्रवासी अंगाने सर्वांत स्थूल त्याच्या मांडीवर तो थांबे. शेजारी बसलेल्या बारक्या मुलाच्या मांडीपासून तो वीतभर उंचच राही. बाप निर्धास्त आणि पोरगे मात्र मोकळे, अशी ती व्यवस्था! म्हणून प्रत्येक आसनास स्वतंत्र दांडा आला. तो अडकविण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत दातेरी चक्र व खिट्टी असते. भिंतीवरील घड्याळास किल्ली देताना ‘कर्र कर्र’ असा आवाज होतो आणि किल्ली उलट फिरत नाही, तसे दांडा एकेक दात खाली येतो व मागे जात नाही. स्प्रिंगमुळे खिट्टी स्वभावतःच दातात रुतलेली असते; ती सोडविण्यास बाहेरून जोर लावावा लागतो. म्हणून वीज गेली तर दांडा उघडत नाही, बंदच राहतो. या पद्धतीत दोन दातांमधील अंतराइतकी ढिलाई मात्र राहते. दुसऱ्या पद्धतीत तेलाने भरलेले नळकांडे असते. दांडा खाली ओढला की तेल झडपेतून एका बाजूस जाते. परत येण्याचा मार्ग झडप बंद करते. सायकलच्या चाकात हवा जाते पण येत नाही, तसाच हा प्रकार. यात दात नसल्याने दांडा हवा तेथे, अगदी अंगासरसा थांबतो. एका नळकांड्यातून तेल गळले तर दुसऱ्याने धरावे म्हणून अशी नळकांडी जोडीने बसवितात.

गाडी किती जोराने प्रवाशास उचलते यावर बंधन कसे असावे हे ठरते. अमेरिकेतील एएसटीएम या मानके ठरविणाऱ्या संस्थेची या विषयावरील समिती १९७८ पासून आहे. तिच्या नियमावलीत बळांच्या आलेखाचे पाच विभाग केले आहेत. पहिल्या विभागातील संथ खेळास कसलेच बंधन लागत नाही. पाचव्यातील खेळास प्रत्येकाचे स्वतंत्र, अंगाप्रमाणे कमीजास्त होणारे, प्रवाशाला स्वतः न उघडता येणारे बंधन लागते. शिवाय एक निकामी झाले तरी दुसरे धरील अशी दुहेरी योजना असावी लागते. आपल्या महाराष्ट्रात खोपोलीजवळ इमॅजिका उद्यानात २०१३ साली ‘नायट्रो’ नावाची गाडी सुरू झाली. तीत प्रवासी पाच वेळा उलटे होतात आणि पायाखाली तळफळीही नसते. अशा गाड्यांत खांद्यावरून उतरणारे मोठे जोखड असते आणि त्याचे खालचे टोक एका पट्ट्याने आसनाशी जोडतात. हा पट्टा पाहून पुष्कळांना वाटते, एवढ्याशा कापडी पट्टीवर आपला भार आहे की काय! तसे नाही. भार जोखडाच्या अडकणीवर असतो. पट्टा तिचा सोबती. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो मोजपट्टीचे काम करतो. त्याची लांबी मुद्दाम बेताची ठेवलेली असते. जोखड पुरेसे खाली आले नसेल तर पट्टा पोहोचतच नाही, आणि मग त्या प्रवाशास उतरावे लागते. सेवक काही मन मोडण्यासाठी नकार देत नाही; पट्ट्याने तसे सांगितलेले असते.

येथवर यंत्राची बाजू झाली. परंतु यंत्र ज्याला धरते ते शरीर सर्वांचे सारखे नसते, आणि या विषयातील बहुतेक दुःखद घटना यंत्र व शरीर यांच्या मधल्या फटीत घडल्या आहेत. दांडा पोटावर नव्हे, तर मांड्या जेथे कमरेस मिळतात तेथे, हाडांच्या आधारावर बसला पाहिजे. पोट मऊ, ते दबते, सरकते. उंचीची अट असते तीही याचसाठी. ती वयाची परीक्षा नसून मांडीची लांबी व कमरेची जागा दांड्यास जुळते की नाही, याचा ढोबळ अंदाज आहे. धाकट्या भावास जोड्यात कागदाच्या घड्या घालून उंच करणारे आणि रांगेत त्याला टाचा उंचावावयास शिकविणारे पालक आम्ही स्वतः पाहिले आहेत. त्यांना कोणी हा अर्थ सांगितलेला नसतो.

२०११ साली न्यूयॉर्क राज्यातील डॅरियन लेक येथे इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक तरुण सैनिक अशा गाडीतून फेकला जाऊन मरण पावला. दोन्ही पाय असल्याखेरीज बसू नये अशी पाटी तेथे होती. दांड्याची रचनाच मांड्यांच्या व पायांच्या आधारावर होती. तरीही सेवकांनी त्याला बसू दिले. देशासाठी पाय दिलेल्या माणसास ‘तुम्हांस बसता येणार नाही’ असे सांगावयास कोणाची जीभ रेटेल? त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. तथापि त्या क्षणी कठोर होणे हीच माया ठरली असती. २०१३ च्या जुलैमध्ये टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे ‘टेक्सास जायंट’ या गाडीतून एक महिला पडून मरण पावली. यंत्रात बिघाड आढळला नाही, असे चालकांनी नंतर जाहीर केले. परंतु गाडी पुन्हा सुरू केली ती दांड्याची गादी नव्याने घडवून व प्रत्येक आसनास पट्टा जोडूनच. बिघाड नव्हता तर बदल कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर हेच की, यंत्र निर्दोष असणे आणि ते प्रत्येक देहास पुरेसे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सर्वांत विचार करावयास लावणारी घटना मात्र रोलर कोस्टरवरची नव्हे, तिच्या जातभाईची आहे. फ्लोरिडातील ऑर्लँडो शहरी एका उंच मनोऱ्यावरून आसनांचे कडे खाली सोडण्याचा खेळ होता. मनोऱ्याची उंची ४३० फूट. २४ मार्च २०२२ रोजी चौदा वर्षांचा एक मुलगा, म्हणजे आपल्या नववीतील विद्यार्थ्याच्या वयाचा, त्यात बसला. तो अंगाने बराच मोठा होता. उत्पादकाच्या पुस्तिकेत घातलेली १३० किलोग्रॅमची मर्यादा त्याच्या वजनाने ओलांडली होती. मात्र त्याचे वजन कोणी विचारले नाही. त्याच्या खांद्यावरचे जोखड पुरते खाली आले नाही, आसन व जोखड यांमध्ये मोठी फट राहिली. असे झाल्यास खेळ सुरू होऊ नये म्हणून प्रत्येक आसनापाशी एक संवेदक असतो. जोखड ठराविक ठिकाणी आले तरच तो हिरवा दिवा लावतो, आणि सर्व दिवे लागल्याशिवाय यंत्र चालत नाही. येथे हिरवा दिवा लागला. पुढे चौकशीत निघाले की, त्या आसनाचा संवेदक हाताने सरकवून ठेवलेला होता आणि त्यामुळे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट फट असतानाही दिवा लागत होता. खाली येताना वेग आवरू लागताच मुलगा त्या फटीतून निसटला. तेथील आसनांना जोडपट्टे नव्हते. सर्व आसनांस ते बसविण्याचा खर्च ६६० डॉलर आला असता, असे नंतरच्या दाव्यात सांगण्यात आले. २०२३ मध्ये मनोरा पाडला गेला, त्याच वर्षी फ्लोरिडा राज्याने अशा खेळांच्या तपासणीचा अधिक कडक कायदा केला, आणि २०२४ च्या डिसेंबरात पंचांनी उत्पादक कंपनीने मुलाच्या आईवडिलांस ३१ कोटी डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. आम्हांस या प्रकरणात राहून राहून खटकतो तो तो हिरवा दिवा. सेवक त्याच्याकडे पाहून निश्चिंत झाला. दांडा हाताने वर ओढून पाहण्याची जुनी रीत कोणास वेळकाढूपणाची वाटेल. पण हाताला फट कळते, दिव्याला त्याला शिकविले असेल तेवढेच कळते.

बंधन कितीही उत्तम असले तरी ते ज्याला जोडले आहे तेच मोडले तर त्याचा उपयोग नाही, हेही नमूद केले पाहिजे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादेत कांकरिया तलावाकाठच्या उद्यानात लंबकासारखा झुलणारा एक खेळ मुख्य नळ तुटून आसनांसह जमिनीवर आदळला. दोघांचा मृत्यू झाला, पंचवीसहून अधिक जखमी झाले. माणसे आसनांना बांधलेलीच होती. इंग्लंडात ऑल्टन टॉवर्स येथे २ जून २०१५ रोजी ‘स्मायलर’ ही गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. यंत्रणेने भरलेली गाडी पुढे जाण्यापासून थांबविली होती. पुढे अडथळा नाही असे समजून माणसांनीच तो अटकाव दूर केला. दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला आणि चालक कंपनीस ५० लाख पौंड दंड झाला.

आता प्रवाशाच्या हाती काय आहे ते थोडक्यात सांगतो. बसताना पाठ व कंबर आसनास पूर्ण टेकवावी. पुढे सरकून बसल्यास दांडा मांडीऐवजी पोटावर येतो. दांडा खाली येताना श्वास भरून पोट फुगविण्याची एक खोडी मुलांमध्ये चालते, पुढे हालचालीस जागा मिळावी म्हणून. त्या जागेचा अर्थ वरील हिशेबावरून कळला असेलच. खिशातील जाड पाकीट अथवा फोन दांड्याखाली येऊ देऊ नये. दांडा अडकल्यावर तो स्वतः एकदा वर ढकलून पाहावा, आणि हलला तर सेवकास मोठ्याने हाक मारावी. गाडी सुटण्यापूर्वी हाक मारणाऱ्यास भित्रा म्हणणारे मित्र असतील तर ते म्हणोत बापडे. सेवकाने ‘बसता येणार नाही’ म्हटल्यास वाद न घालता उतरावे.

आणि गाडी मध्येच, चढणीवर, थांबली तर दांडा सोडविण्याची धडपड करू नये. गाडी थांबणे हे पुष्कळदा यंत्रणा आपले काम बजावीत असल्याचेच लक्षण असते. दांडा उघडण्याची कळ प्रवाशाच्या हाताशी मुद्दामच ठेवलेली नसते. रुळाच्या कडेने अरुंद जिना असतो. त्यावरून सेवक येतात, एकेका आसनाचा दांडा आपल्याजवळील साधनाने मोकळा करतात आणि एकेका प्रवाशास हात धरून खाली नेतात. यास कधीकधी तासन्‌तास लागतात, ऊन लागते, तहान लागते; तोवर दांडा मांडीवर असू द्यावा.